अर्घ्य आणि कूलर

कौतिक आबांच्या उजव्या हाताला एक खोड होती. घरात पंखा फिरताना दिसला, दिवा जळताना दिसला, की मनाला न विचारताच तो हात बटणावर जायचा. खोलीत माणूस आहे की नाही हे बघायचं काम डोळ्यांचं. पण डोळे तिथे पोचेपर्यंत हाताचं काम उरकलेलं असायचं. जेवायला बसलेल्या पाहुण्याच्या तोंडात घास आणि वर अंधार, असंही त्या घरात घडलेलं.

"देवनी तुम्हले हात टाळ वाजाडाले दिधा," पुष्पाबाई नवऱ्याला म्हणायच्या, "आनि तुम्ही त्याले बटनना नादे लावं!"

टाळाचं म्हणाल तर ते खरंच होतं. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत कुठेही कीर्तन असो, कौतिक आबा टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत. केळीच्या बागेचं पाणी एक वेळ चुकेल, पण कीर्तन चुकायचं नाही. महाराजांनी आख्यान लावलं की आबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि विनोद केला की सगळ्यांच्या आधी हसू. असा हा मऊ माणूस. पण विजेच्या बिलाचा त्याला भारी धाक. बिल आलं की आबा ते आधी देव्हाऱ्यात ठेवत, हात जोडत आणि मगच उघडत. देवाने त्यात कधी काही कमी केल्याचं आठवत नाही.

पण मागल्या आखाजीला त्या हाताने घात केला.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात लेकीबाळींचं माहेर म्हणजे हा सण. दारातल्या निंबाला झोका बांधलेला, माठात वाळा, घराघरातून पुरणाचा वास. आबांची एकुलती लेक पुनम तिकडे साक्री तालुक्यात, पिंपळनेरला दिलेली. ती आपल्या तान्ह्या पियुषला घेऊन आली होती आणि नातवाच्या काळजीने तिची सासू मंदाबाईही सोबत आल्या होत्या. ऊन असं की अंगणात ठेवलेल्या पितळी घागरीला हात लावता येईना. मधल्या खोलीत कूलर लावून पियुषला झोळीत निजवलं आणि बायका झोक्यावर गेल्या. गाणी रंगात आली. इकडे आबा पाणी प्यायला आत आले, मधल्या खोलीतून गेले, आणि जाता जाता हाताने आपलं काम केलं.

गाणं थांबलं ते पोराच्या रडण्याने. बघतात तर झोळी घामाने ओली, पोर लालबुंद, मानेवर घामोळं उठलेलं. मंदाबाईंनी नातवाला छातीशी धरलं आणि त्या शांतपणे व्याह्यांना म्हणाल्या, "याही, आमनं पिंपळनेरनं घर लहान शे. पन आम्ही लेकरूना वारा मोजतस नही."

शिवी दिली असती तर आबांना इतकं लागलं नसतं. झोका सोडायच्या आधीच त्या सुनेला आणि नातवाला घेऊन परत गेल्या. गाडीत बसताना पुनम एवढंच म्हणाली, "आबा, तुम्हना बिलना धाक जाई तवय माले बलावा."

त्यानंतर वर्षभर फोनवर पुनम सगळं बोलायची, फक्त 'यंदा आखाजीला ये' म्हटलं की, "देखूत" म्हणायची. निंबाच्या फांदीवर झोक्याचा दोर तसाच गुंडाळून ठेवलेला होता. आबांची नजर रोज एकदा तरी त्याच्याकडे जायची.

मार्ग काढला तो सुनेने. हेमांगी जळगावची, बोलणं शहरी, पण आबांचा शब्द कधी खाली पडू न देणारी. एका संध्याकाळी ती आणि दीपक, आबांचा मुलगा, गच्चीवर सोलर बसवायचं ठरवत होते. सरकारी मदत मिळते, माहेरच्या गल्लीत निम्म्या घरांवर प्लेटा चढल्यात, असं ती सांगत होती. आबा जपमाळ ओढत ऐकत होते.

"सूनबाई," त्यांनी मध्येच विचारलं, "म्हनजे कूलर चालाडी तो सूर्यनारायन?"

"हो आबा. दिवसा आपली जास्तीची वीज बाहेर जाते, ती मीटरवर आपल्या नावाने जमा होते. रात्री आपण तेवढी परत घ्यायची."

"विरजनसारखं! सकायले शेजारनीले दिधं, संध्याकायले तिनाकडथून आनं." आबा उठून उभेच राहिले. "आरे, जो सबन दुनियाले उजेड देस, तो मना घरनं बिल भरी! बसाडा. पन मुहूर्त मी काढसू."

मुहूर्त काढला रथसप्तमीचा. सूर्यनारायणाचा जन्मदिवस, दुसरा कुठला दिवस शोभणार? गच्चीवर लोखंडी सांगाडे उभे राहिले, निळ्याकाळ्या प्लेटा चढल्या. दीपकने स्विच पाडायच्या आधी आबांनी गच्चीच्या कोपऱ्यात गोवरीवर दूध उतू घातलं, रांगोळीने सात घोड्यांचा रथ काढला, प्रत्येक प्लेटेला हळदकुंकू वाहिलं, वरून दुधाची धार धरली, अक्षता टाकल्या. बसवायला आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चलबिचल झाली. "आबा, आज एक दिवस ठीक आहे," तो अदबीने म्हणाला.

आबांनी त्यातला 'ठीक आहे' एवढाच ऐकला.

त्या दिवसापासून गच्ची ही गच्ची राहिली नाही, देऊळ झाली. जिन्याच्या तोंडाशी चपला काढायच्या. बिनआंघोळीचं कोणी वर जायचं नाही. पुष्पाबाईंनी ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, वाळत घालायचे म्हटलं तर आबांनी दोन्ही हात आडवे केले. बिबडे खाली अंगणात गेले. वर जायचे ते एकटे आबा. पहाटे आंघोळ करून, धोतर नेसून, अजून धड उजाडलेलं नसताना तांब्या घेऊन चढायचे. तांब्यात दूध आणि पाणी, त्यात हळद, कुंकू, अक्षता आणि गुळाचा खडा. पूर्वेला तोंड करून सूर्याचं नाव घ्यायचं आणि एकेका प्लेटेवर अर्घ्य सोडत जायचं. खाली उतरले की चेहऱ्यावर असं समाधान, जणू सूर्यनारायणाने स्वतः पाठीवर हात फिरवला.

पहिले काही दिवस तर घरात दिवाळी होती. हेमांगीच्या मोबाइलवर वीज किती तयार झाली ते दिसायचं आणि आबा दर तासाला विचारायचे, "कितली व्हयनी?" बारक्या पोराचं वजन विचारावं तसं.

शेजारच्या भिकमचंद शेठना हे बघवेना. किराणा दुकान, मारवाडी माणूस, पण चार पिढ्या चोपड्यात गेलेल्या, आबांचा बालमित्र. त्यांनीही पंधरवड्याच्या आत आपल्या गच्चीवर तितक्याच प्लेटा चढवल्या. पूजा काय, तर एक नारळ फोडला आणि पानबाईंनी, त्यांच्या बायकोने, स्विचला कुंकवाचं बोट लावलं. संपलं.

आणि गंमत बघा. शिमगा आला, ऊन चढत चाललं, शेठकडची वीज वाढत गेली. आबांकडची उतरत गेली.

"आबा," शेठ कठड्यावरून वाकून म्हणायचे, "मना घोडा पयी राह्यना. तुम्हना रथना कोन्ता घोडा लंगडास?"

"नजर लावू नको, शेठ!"

"नजर? मी तं तुम्हनी काळजी करस. तुम्हना सूर्य उपाशी शे का?"

"उपाशी? रोज दूध पाजस त्याले!"

शेठ पोट धरून हसायचे. आबा मात्र आतून खचत चालले होते. दीपकने सोलरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मोबाइलवर आकडे दिसतायत, वायरिंग बरोबर आहे. प्लेटांवर धूळ बसली असेल, धुऊन घ्या. फोन स्पीकरवर होता. आबा कडाडले, "धूळ? आरे, आमनाकडे रोज अभिषेक व्हस!" सोलरवाल्याने विषय आवरता घेतला. म्हणाला, मग येतो सवडीने. लग्नसराईसारखी त्यांची सराई चाललेली. सवड काही होईना.

पुष्पाबाईंनी नजर काढली. आबांनी प्लेटांच्या वरच्या कडेला काळी बाहुली टांगली. वीज आणखी थोडी उतरली.

फाल्गुनाचं बिल आलं. देव्हाऱ्यात ठेवलं, हात जोडले, उघडलं. कमी होतं, पण थोडंसंच. कूलर अजून झाकलेला असताना हे. मग वैशाखात काय? त्याच दुपारी पुष्पाबाई मधल्या खोलीत पंख्याखाली पापड लाटत बसल्या होत्या. आबा सहज तिथून गेले. पंखा थांबला. पुष्पाबाईंनी मान वर केली. त्यांनी फक्त पदराने घाम पुसला आणि लाटणं पुन्हा हातात घेतलं.

आबा दाराशी उभे राहून आपल्या हाताकडे बघत राहिले. गच्चीवर एवढा संसार मांडला, आणि हात होता तिथेच. बिल असंच येत राहिलं तर आखाजीला लेकीला कुठल्या तोंडाने बोलवायचं? बोलावलं आणि पुन्हा झोळीत पोर रडलं तर? मग पुनम माहेरची वाट कायमचीच सोडील.

संध्याकाळी पुनमचा फोन आला. "आबा, तुम्हना सूर्य काय म्हनस?" तिने हसत विचारलं.

"चालू शे," आबा म्हणाले, आणि फोन पुष्पाबाईंकडे दिला.

रामनवमीला मारुतीच्या पारावर जन्माचं कीर्तन. यंदा तापीकाठचे चुडामण महाराज यायचे होते. महाराजांची ख्याती अशी की ते बोलायला लागले की पारावरची चिमणी उडत नाही. सकाळी महाराजांचा चहा-फराळ आबांच्याच घरी झाला. हेमांगीने चहा नेऊन दिला, वाकून नमस्कार केला. आबा तेव्हा टाळ पुसण्यात गुंतले होते.

कीर्तन उभं राहिलं. मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंगावर जीवराम भाऊ, समोर अख्खी गल्ली. बायकांच्या बाजूला पुष्पाबाई, पानबाई, हेमांगी. भिकमचंद शेठ खांबाला टेकून. आबांचं मन जड होतं. पण मृदंगावर पहिली थाप पडली आणि पाय आपोआप हलले. कीर्तनाचं हेच तर आहे. माणूस घरून ओझं घेऊन येतो आणि पहिल्या गजरातच ते कोण उतरवून ठेवतं, कळत नाही.

रामजन्माच्या आधी महाराजांनी मारुतीरायाची कथा लावली.

"अंजनीचं बाळ! जन्मलं आणि डोळे उघडले. काय दिसलं? दूध नाही, खेळणं नाही. दिसला सूर्य! लालबुंद, रसाळ. बाळाला वाटलं फळ आहे. घेतली झेप!" मृदंग दुडदुडला, टाळ झणाणले, महाराजांनी पारावरच उडी घेतली. लोक खुलले. "डोळे कसे असतील हो ते! एवढ्या लांबून सूर्य हेरला. आता जरा मागे वळा. हा तुमच्या पारावरचा मारुतीराया बघा."

सगळ्यांनी वळून बघितलं. शेंदराने माखलेला, गोल गरगरीत मारुती.

"दर शनिवारी तेल, दर शनिवारी शेंदूर. थरावर थर. प्रेमाने लावता, मायबाप, माझी तक्रार नाही. पण नाक कुठे आहे? बुजलं. तोंड? बुजलं. आणि डोळे? ज्या डोळ्यांनी सूर्य हेरला त्यांच्यावर बोटभर शेंदूर! मारुतीराया आतून हाका मारतोय. 'अरे भक्ता, तुझं प्रेम पोचलं रे! पण मला सूर्य दिसेना!'"

पार हशाने हादरला. सगळ्यांत मोठ्याने हसणारे नेहमी आबा असत. आज आबा हसले नाहीत. महाराज हलक्या आवाजात पुढे बोलले, "अंगाला लावा, पायाला लावा. डोळे तेवढे मोकळे ठेवा. डोळ्यांची पूजा एकाच गोष्टीने होते. स्वच्छ पाण्याने."

आबांचा टाळ चुकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जीवराम भाऊंनी मृदंगावरून चमकून वर पाहिलं.

आबांना पाय उचलून घरी पळावंसं वाटत होतं. पण जन्माचं कीर्तन सोडून जाणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाळणा हलला, गुलाल उधळला, सुंठवडा वाटला गेला. महाराजांनी टाळकऱ्यांना एकेक उपरणं दिलं. ते खांद्यावर टाकून, सुंठवडा मुठीत तसाच धरून, आबा भर दुपारी जिना चढले.

रोज ते येत अंधुक उजेडात. डोक्यावर सूर्य असताना आज पहिल्यांदाच आले होते आणि त्या लखलखीत उन्हात त्यांना आपली पूजा दिसली.

निळ्याकाळ्या काचा कुठे होत्या? दुधाचे पिवळट पापुद्रे वाळून बसलेले. हळदीचे ओघळ, कुंकवाचे डाग, गुळाच्या चिकट्यावर चिकटलेली धूळ. अक्षता टिपायला साळुंक्या आणि कबुतरं जमलेली. त्यांनी खाल्लं तिथेच आपला प्रसादही ठेवलेला. वरून काळी बाहुली लोंबकळत होती, तिची सावली एका प्लेटेच्या ऐन मधोमध.

आबांनी पाण्याच्या टाकीखालची बादली उचलली.

"आबा, आत्ता नको!" मागून हेमांगीचा आवाज आला. "काच तापलीय. थंड पाण्याने तडा जाईल." आणि ती घाईने पुढे म्हणाली, "मी आंघोळ केलीय आबा. चपलाही खाली काढल्यात."

आबांनी बादली खाली ठेवली. "सूनबाई, तुले हाई मालूम व्हतं?"

हेमांगीने मान खाली घातली. "तुम्ही अडावदच्या कीर्तनाला गेला होतात ना, तेव्हा वाऱ्याने साडी उडून इथे आली. ती घ्यायला चढले, तर हे दिसलं."

"मंग सांगं का नही?"

"कसं सांगू? तुम्ही इतक्या मनाने करत होतात. तुमच्या पूजेला नाव ठेवायला जीभ वळेना."

 आबांच्या डोक्यात काहीतरी लखकन पेटलं. "सकायले महाराजले चहा तू लयी गयती..."

हेमांगी ओठ चावून हसू दाबत होती. "मी एवढंच विचारलं, की देवाला पूजा जास्त झाली तर देव कसं सांगतो?"

 हेमांगीला वाटलं, आता आबा चिडणार. आणि आबा हसायला लागले. पारावर जे हसायचं राहिलं होतं ते सगळं. हसता हसता डोळे भरून आले, खाली पुष्पाबाई घाबरून अंगणात आल्या, शेजारी शेठ कठड्यावर धावले.

"काय व्हयनं, आबा?"

"शेठ! मना घोडा लंगडा नव्हता रे! मीच त्याना डोळामा हळद टाकी राह्यंतू!"

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं घर वर होतं. आबांनी फर्मान काढलं: आंघोळ केलेला असो, नसो, हात चालवा. दीपकने नळी लावली, पुष्पाबाईंनी मऊ फडकी आणली. वाळलेलं दूध सहजासहजी सुटत नाही. भिजवावं लागतं, हलक्या हाताने चोळावं लागतं. आबांनी खांद्यावरचं कोरं उपरणं काढलं, ओलं केलं आणि एकेक काच पुसायला घेतली. कीर्तनातल्या मानाच्या उपरण्याने काच पुसताना त्यांना जरासुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही. देवाचे डोळे पुसायला याहून चांगलं वस्त्र कुठून आणायचं?

काळी बाहुली काढली. अक्षतांची वाटी आबांनी कठड्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली. "आठे खा रे बाबाहो," ते साळुंक्यांना म्हणाले, "तठे देवना डोळा शेतस."

शेवटी तांब्या भरला. नुसतं पाणी, दूध नाही, हळद नाही, गूळ नाही. पूर्वेला आकाश तांबूस झालं होतं. आबांनी सूर्याचं नाव घेऊन धार सोडली. पाणी काचेवरून सरसर उतरलं, मागे डाग राहिला नाही. त्याच वेळी केळीच्या बागांवरून सूर्य वर आला आणि त्या ओल्या काचांत दिसला, एकेका काचेत एकेक. आबांना तिथून हलवेना. रोज दूध घातलं तेव्हा तो इथे कधी उतरला नव्हता.

दुपारी हेमांगी मोबाइल घेऊन धावतच आली. "आबा, रथसप्तमीपेक्षा जास्त!"

त्यानंतर जे चाललं ते विचारू नका. आबा रोज पहाटे निर्मळ पाण्याचं अर्घ्य सोडायचे आणि उपरण्याने काचा पुसायचे. चैत्रातली खानदेशची धूळ म्हणजे घरात बसलेल्याच्याही पापण्यांवर बसते. शेठच्या प्लेटांवर तिचा थर चढला. नारळ फोडल्यापासून त्यांनी वर पाऊल टाकलं नव्हतं. आबांच्या काचा मात्र रोज नव्या नवरीसारख्या. दिवसागणिक आबांचा रथ पुढे, शेठचा मागे.

एका सकाळी शेठ कठड्यावरून खाकरले. "आबा, तुम्हना त्या अर्घ्यना काही मंतर शे का?"

"शे ना."

"मालेबी सांगा."

"पहाटे ऊठ, वर चढ, पानी टाक, पूस. दुकानना हिशेब मंग."

"बस, इतलंच?"

"मनमा सूर्यनारायननं नाव ले. नही लिधं तरी काच सोच्छ व्हई. पन लिधं तं तूबी व्हशी!"

शेठ गडगडून हसले, पण दुसऱ्या पहाटे धोतराचा सोगा खोचून आपल्या गच्चीवर हजर होते. पानबाईंच्या हातात फडकं. गल्लीत आणखी दोघांकडे प्लेटा होत्या, तेही चढले. पहाटे चार गच्च्यांवर पाणी पडू लागलं आणि एका गच्चीवरून नामाचा गजर निघाला की उरलेल्या तीन तो उचलू लागल्या. पूजा कुठे संपते आणि सफाई कुठे सुरू होते, ते आता कोणीच विचारत नव्हतं.

आखाजीच्या आठवड्यात बिल आलं. आबांनी देव्हाऱ्यात ठेवलं, हात जोडले, उघडलं आणि दीपकला हाक मारली. "आरे देख, छापानी चूक तं नही?"

दीपकने वाचलं. विजेचे पैसे काहीच नव्हते. मीटरचा ठरलेला आकार तेवढा. उलट वापरून उरलेली वीज आबांच्या नावावर जमा दाखवली होती. पुष्पाबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि आबांनी फोन उचलला.

"पुनम, बेटा. बिलना धाक गया. ये."

 पलीकडून पुनमचा भरलेला आवाज आला, "येस, आबा." आणि तिच्या मागून मंदाबाईंचा, मुद्दाम ऐकू जाईल असा. "मीबी येस म्हना! देखू तं खरी त्यास्ना कूलर!"

आल्या. आखाजीच्या आदल्या दुपारी दारात गाडी थांबली. पियुष आता पायांनी चालत होता. त्याने उंबरा ओलांडला तो धावतच. निंबाला झोक्याचा दोर पुन्हा बांधलेला होता. बाहेर पितळी घागर तशीच तापलेली. मधल्या खोलीत मात्र कूलर घुमत होता, वाळ्याचा ओला वास पसरला होता. जेवणं झाली. आमरसाने जडावलेला पियुष गोधडीवर आडवा झाला तो झोपलाच. मंदाबाई कूलरच्या अगदी समोर मांडी घालून बसल्या, पहारेकऱ्यासारख्या.

तेवढ्यात आबा पाणी प्यायला आत आले.

मधल्या खोलीत आले आणि त्यांचा उजवा हात उठला. पुष्पाबाईंनी देवाचं नाव घेतलं. हेमांगी उठायला लागली. पुनमने पोरावर हात ठेवला. मंदाबाई डोळे बारीक करून बघू लागल्या. हात बटणापर्यंत गेला, खालच्या गोल खटक्यावर आला, आणि आबांनी खटका फिरवून कूलर आणखी जोरात केला. पडदे फडफडले. देव्हाऱ्यासमोरची रांगोळी उडाली.

"आबा!" पुनम हसता हसता रडायला लागली.

"निज दे त्याले," आबा म्हणाले आणि पाणी न पिताच बाहेर गेले, कारण त्यांचे स्वतःचे डोळे त्यांना दाखवायचे नव्हते.

बाहेर झोक्यावर गाणी सुरू झाली. सावल्या लांबल्या. संध्याकाळी पारावर कीर्तन होतं. आबा ओट्यावर बसून टाळ पुसत होते. इतक्यात दारात मंदाबाई आल्या. अंगावर पुष्पाबाईंची जाडजूड गोधडी, हनुवटीपर्यंत ओढलेली. चोपड्यात, आखाजीच्या उन्हात, गोधडी पांघरलेलं माणूस गल्लीने आजवर पाहिलं नव्हतं. कठड्यावर शेठ उभे होते ते बघतच राहिले.

"याही," मंदाबाई कुडकुडत म्हणाल्या, "घडीभर बंद करा व्हो त्याले. थंडी वाजी राह्यनी माले."

आबांनी टाळ एकमेकांवर असा वाजवला की निंबावरच्या साळुंक्या उडाल्या.

"विहीनबाई," ते म्हणाले, "आमना घरमा वारा मोजतस नही!"

सगळ्यांत आधी हसल्या त्या मंदाबाईच, गोधडीतल्या गोधडीत. आबांनी टाळ गळ्यात अडकवला, वर गच्चीकडे बघून हात जोडले आणि पाराकडे निघाले. कूलर घुमतच होता.